चार नंबरचं धड

औरंगपुऱ्यातल्या एका स्टुडिओत रत्नमाला पासपोर्ट साइझ फोटो काढायला गेली आणि तिथं तिला आपल्या आईचे हात दुसऱ्याच एका बाईला लावलेले दिसले. काउंटरच्या मागं, भिंतीला टेकवून, नुकतीच चौकट बसवलेली एक तसबीर ठेवली होती. तसबिरीतली बाई सत्तरीची असावी, कपाळ रुंद, ओठ आत गेलेले. गळ्याच्या वर तिचा आणि रत्नमालाचा काही संबंध नव्हता. गळ्याच्या खाली मात्र सगळं ओळखीचं होतं. गडद हिरवी साडी, पिवळा काठ, खुर्चीच्या हातावर टेकलेला उजवा हात, मांडीवर पालथा ठेवलेला डावा, त्याच्या बोटात सोन्याचं वेढणं आणि अंगठ्याच्या नखावर एक बारीक काळा डाग. तो डाग ती कळायला लागल्यापासून बघत आली होती. देवगाव रंगारीच्या घरात, दारातून आत शिरलं की समोरच्याच भिंतीवर, चंदनाच्या हाराखाली हाच हात होता. तिला आधी वाटलं, उन्हातून आल्यामुळं डोळे दिपलेत. मग तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. डाग जागच्या जागी होता.

स्टुडिओचा मालक अभय, वडिलांमागं दुकान सांभाळणारा, बोलता बोलताही हातातला माउस न सोडणारा माणूस. ही बाई कोण, असं तिनं विचारलं तेव्हा त्यानं लासूर स्टेशनच्या आहेत, मागच्या आठवड्यात वारल्या, पोरं संध्याकाळी न्यायला येणारेत, एवढी माहिती एका दमात दिली. ती हातांकडे बघतेय हे त्याच्या लक्षात आलं तसा तो जरा खुशीत आला.

"चेहरा त्यांचा, मॅडम," तो म्हणाला. "धड आपलं."

आपलं म्हणजे कुणाचं, हे त्यानं मग सविस्तर समजावून सांगितलं. खेड्यापाड्यातल्या जुन्या बायांचा एकटीचा असा फोटोच नसतो. लग्नाच्या घोळक्यातला, कुठल्याशा बारशातला, पदराआडचा अर्धामुर्धा चेहरा घेऊन लोक येतात आणि दहाव्याच्या आत तसबीर पाहिजे म्हणून बसून राहतात. मग चेहरा कापायचा आणि धडावर बसवायचा. ही धडं वडिलांच्या काळातली. ते कात्रीनं कापायचे, चिकटवायचे, सांध्यावरून ब्रशनं रंग फिरवायचे आणि त्या चिकटवलेल्याचाच परत फोटो काढायचे. आता सगळी कॉम्प्युटरात घालून ठेवली आहेत. पुरुषांचं फेट्याचं वेगळं, टोपीचं वेगळं. बायांचं नऊवारीचं वेगळं, सहावारीचं वेगळं. हे बायांचं चार नंबर. लई चालतं, असं तो म्हणाला. ही मूळची बाई कोण होती, असं रत्नमालानं विचारलं. त्यावर त्यानं पहिल्यांदाच माउस सोडला आणि तसबिरीकडं नीट पाहिलं.

"काय म्हैत. असेल पप्पांच्या टायमाची कोणी. आजपर्यंत कोणी विचारलंच नाही ना."

मग त्यानं तिला आतल्या स्टुलावर बसवलं, हनुवटी जरा खाली घ्या म्हणाला, खांदे सरळ करा म्हणाला. रत्नमालानं खांदे सरळ केले आणि तिला वाटलं, खांद्यांची याला गरजच काय, ते तर याच्याकडं आहेतच. प्रबंधासोबत जोडायच्या अर्जाला फक्त डोकं लागतं. दोन्ही कान दिसले पाहिजेत, एवढीच अट. गळ्याखाली माणूस आहे की नाही याची विद्यापीठाला पडलेली नाही. हा विचार तिला इतका चलाख वाटला की तो वहीत टिपून ठेवावा असं मनात आलं, आणि त्याच क्षणी आपली स्वतःचीच शिसारी आली. दिवा लखकन् चमकला. बाहेर आली तेव्हा रस्त्यावर रिक्षांची कोंडी झाली होती, ड्रेस मटेरियलच्या दुकानांपुढं बिनडोक्याचे पुतळे कुर्ते घालून उभे होते, आणि ती त्यांच्यामधून चालत राहिली. रिक्षा करायची हे तिच्या लक्षातच राहिलं नाही.

आई गेली तेव्हा रत्नमाला शाळेतही जात नव्हती. कस्तुराबाईला ताप आला, तो उतरला नाही, एवढंच घरात सांगितलं जाई. चतुराबाई आत्यानं पुढं तिला वाढवलं, आणि आत्याचा स्वभाव असा की गेलेल्या माणसाचा विषय काढणं म्हणजे त्याची वाट अडवणं. त्यामुळं आईबद्दल रत्नमालाजवळ होतं ते एवढंच, भिंतीवरचं. चेहरा तर धूसरच होता, मोठा करताना फाटल्यासारखा झालेला, डोळे कुठं बघताहेत तेही कळू नये असा. हात मात्र स्वच्छ होते. म्हणून लहानपणी ती चेहऱ्याकडं बघायचीच नाही, हातांकडं बघायची. त्या हातांनी आपल्याला न्हाऊ घातलं, त्या हातांनी वेणी घातली, वाड्यातल्या मेंढ्यांना मीठ चाटवलं. हे सगळं तिला आठवत होतं, शप्पथ घेऊन सांगता आलं असतं इतकं आठवत होतं. होस्टेलला पहिल्यांदा राहायला आली तेव्हा रडू आलं की ती आपला डावा हात मांडीवर पालथा ठेवून बसायची आणि अंगठा जरासा आत वळवायची. तसं केलं की माय आपल्यात उतरते असं तिला वाटे. बेगमपुऱ्यातल्या खोलीवर परतल्यावर कॉटवर बसून ती एकेक आठवण काढून बघू लागली, धान्य पाखडावं तशी. न्हाणीच्या दगडाशी बसलेली माय, हिरव्या साडीत. विहिरीवर माय, हिरव्या साडीत. मेंढरांमागं उन्हातान्हात हिंडणारी धनगराची बाई, आणि तिच्या अंगावर सदानकदा पिवळ्या काठाची कोरी हिरवी साडी, बोटात सोनं. इतकी वर्षं आपल्याला हे खटकलं कसं नाही, याचं तिला नवल वाटलं. एकाही आठवणीत दुसरी साडी निघाली नाही. म्हणजे आठवण म्हणून जे काही होतं ते सगळं भिंतीवरूनच उतरवून घेतलेलं होतं, आणि ते धड आता लासूर स्टेशनला चाललं होतं. तिला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी तिनं चहा टाकला.

तिचा स्वतःचाही लहानपणीचा फोटो एकच. तो ती पाकिटात, ओळखपत्राच्या मागं ठेवायची. लंबगोल कापलेला, मागं आकाशी रंग फासलेला, पांढरा झगा घातलेली एक जाडजूड पोर, जरा वाकडी, कशाला तरी रेलल्यासारखी. झग्याला कमरेशी गुलाबी पट्टा होता, पण एकाच बाजूला. अर्ध्यात येऊन तो संपायचा. होस्टेलच्या पोरी हसायच्या, तुझ्या शिंप्याचं कापड संपलं होतं का गं. रत्नमालाही हसायची. गरिबाघरचा झगा, त्यात शिंपी गावचा, अर्धा पट्टा म्हणजे अर्धाच पट्टा.

आता यात गंमत अशी, की समकालीन छायाचित्रणातला देह आणि देहाची अनुपस्थिती हाच तिच्या पीएच.डी.चा विषय होता. कित्येक वर्षं ती हेच करत होती. कुणी रिकाम्या अंथरुणांचे फोटो काढतं, कुणी उंबऱ्यात राहिलेल्या चपलांचे, कुणी भिंतीवर तेलकट डोक्यानं पडलेल्या डागांचे. आणि माणूस नसतानाही तो कसा असतो, यावर रत्नमाला पानंच्या पानं लिहू शकत असे. सांधा कुठं आहे, उजेड कुठून येतोय, सावली खोटी कुठं पडलीय, हे ती परक्या देशातल्या फोटोत बसल्या जागी सांगायची. आणि घरच्या तसबिरीत चेहऱ्यावर उजेड डावीकडून, हातांवर उजवीकडून, मानेशी ब्रशचा फराटा, हे तिला दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. रिकाम्या खुर्चीवर लिहिणं सोपं असतं, कारण तिथं निदान जागा रिकामी असते. इथं जागा रिकामी नव्हती. तिथं कुणीतरी ऐसपैस बसलं होतं, मांडीवर हात टाकून, तालुक्यातल्या कितीतरी घरांत, आणि रोज उदबत्ती घेत होतं. तिच्या प्रबंधात याला शब्द नव्हता. अभयजवळ होता.

दोन दिवसांनी तिनं ही हकीकत प्रेरणा मॅडमना सांगितली. सांगायला नको होती, पण मार्गदर्शकाशी खोटं बोलायची सवय तिला नव्हती. मॅडम खुर्चीतून पुढं सरकल्या. त्यांच्या डोळ्यांत जे पाणी आलं ते खरं होतं आणि जो आनंद झाला तोही खरा होता. एकाच चेहऱ्यावर दोन्ही गोष्टी कशा मावतात, हे रत्नमाला बाजूला उभी राहिल्यासारखी बघत राहिली. मॅडम म्हणाल्या, तुझं चौथं प्रकरण तुझ्याच घरात टांगलंय आणि तू जगभर हिंडतेस, काखेत कळसा आणि गावाला वळसा. तसबिरीचा चांगला फोटो काढून आण, वडिलांची मुलाखत घे, त्यांना ठाऊक होतं का ते विचार, त्यांची प्रतिक्रिया महत्त्वाची. पुढच्या महिन्यात प्रबंध टंकायला जायचाय, आता नाही तर कधीच नाही. मागच्या वर्षी याच मॅडमनी तिच्या मसुद्यावर लाल पेनानं लिहिलं होतं, एक ना धड भाराभर चिंध्या. त्या वेळी ती हसली होती. आता तोच शब्द कानात वेगळा वाजू लागला. एक ना धड. ती हो म्हणाली. आपली मान हलतेय हे तिला कळत होतं.

रविवारी सकाळी ती देवगावच्या बसमध्ये बसली. खिडकीबाहेर कपाशीची रानं मागं पळत होती आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. वडिलांना ठाऊक नसेल तर? दादा रोज सकाळी उठले की तोंड धुऊन आधी तसबिरीची काच पुसत, धोतराच्या सोग्यानं, आणि पुसता पुसता त्या हातांवरून अंगठा फिरवीत. तिनं हे हजारदा पाहिलं होतं. आपण विचारायचं, आणि त्यांच्या अंगठ्याखालचा हात काढून घ्यायचा. तिचं जायचं ते औरंगपुऱ्यात गेलंच होतं. त्यांचं अजून शाबूत होतं. एका प्रकरणापायी म्हाताऱ्याला दुसऱ्यांदा रांडका करायचं, असा शब्द तिच्या मनात आला आणि तिला भीती वाटली. आणि न विचारावं तर? तर आपल्याजवळ आईचं म्हणून काही खरं आहे की नाही, हे कधीच कळणार नाही. कसाबखेड्याला बस थांबली. शेजारची बाई उतरली, दुसरी बसली. रत्नमालानं पाहिलं, त्या बाईनं दोन्ही हात पिशवीत घातले होते.

तिच्या वडिलांचं नाव कडूबा. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईबापांनी हे नाव ठेवलं. यमानं तोंडात घातलं तर कडू लागावं आणि थुंकून टाकावं. यम फसला आणि कडूबा सत्तरीला आले. तरुणपणी कळप घेऊन गंगथडीपर्यंत जायचे, आता चारदोन मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि हात चालेल तशी मजुरी. लेक फोटोंचा अभ्यास करते एवढं त्यांना ठाऊक होतं. गावात ते तिला फोटोची डॉक्टर म्हणत आणि लोकही आपले फुटके, डाग पडलेले फोटो तिला दाखवायला आणीत, दुखणं दाखवावं तसे. ती पोचली तेव्हा ते लिंबाखाली एका मेंढीचे पाय बांधून कातरीनं तिची लोकर उतरवत होते. तिला बघून हसले, कातर थांबली नाही. आली का बाई, म्हणाले. चतुराबाई आत्या पाणी घेऊन आली आणि वाळली किती, असं नेहमीचं बोलून चुलीकडं गेली.

रत्नमाला त्यांच्यापाशी उकिडवी बसली. तिनं बसमध्ये वळसे घालून विचारायचे प्रश्न तयार केले होते, त्यातला एकही कामाला आला नाही. तिनं नुसतं सांगितलं की औरंगपुऱ्यात एका स्टुडिओत मायसारखेच हात दुसऱ्या बाईला लावलेले पाहिले. कातर एकदा थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"मायचे न्हाईतच ते," दादा म्हणाले.

कळपात अमुक मेंढी आपली नाही, हे सांगावं इतक्या सरळ आवाजात. ठाऊक होतं तर, असं ती म्हणाली. त्यावर त्यांनी तिच्याकडं जरा नवलानं पाहिलं. ठाऊक असणारच, निवडलं तर त्यांनीच होतं. औरंगपुऱ्यातल्या म्हाताऱ्या फोटोवाल्यानं पुढ्यात सगळी धडं मांडली होती. हिच्या हातांना मांस होतं, बोटात वेढणं होतं. कस्तुराबाईचं अंग शेवटी पार वाळून गेलं होतं, आणि सोनं म्हणाल तर तिच्या बोटाला कधी लागलंच नाही. म्हटलं, असू दे, आता तरी. मग रोज पुसता कशाला, हा प्रश्न तिच्या ओठांवर आला आणि तिनं गिळला, कारण उत्तर तिला समोरच दिसत होतं. म्हाताऱ्याला कुणीही फसवलेलं नव्हतं. फसली होती ती फोटोची डॉक्टर.

"पण तिचा स्वतःचा फोटो होता ना?" ती म्हणाली. "चेहरा त्यातलाच ना? मग तिचं अंग का कापलं?"

आपला आवाज चढलाय हे तिला ऐकू आलं. दादांनी मेंढीला कूस बदलून दिली. फोटो होता, जत्रेतला. पडदा लावून बसलेल्या फोटोवाल्यानं उभ्या उभ्या काढलेला, एवढा एकच. मग ते खाली बघूनच बोलले.

"तू व्हतीस ना तिच्या कडेवर. हार मायला घातला आसता, त्यो तुला बी पडला आसता. जित्या लेकराला हार घालू व्हय?"

दादा सांगत राहिले. स्टुडिओतला म्हातारा म्हणाला होता, पोरीला रंग लावून पुसून टाकतो. तेही नको म्हटलं, जितं लेकरू पुसायचं कसं. मग त्यानं कात्रीनं दोघींना वेगळं केलं. मायचं डोकं वर घेतलं, आणि पोरीचा निराळा फोटो करून दिला. त्योच की तू संगं घेऊन हिंडती तो, ते म्हणाले. मधलं जे उरलं ते बारीक बारीक तुकडे होते. ते त्यांनी पागोट्यात बांधून आणले आणि गंगेत सोडले.

तिनं पाकीट उघडलं. ओळखपत्राच्या मागून लंबगोल फोटो काढला आणि त्यांच्यापुढं धरला. दादांनी हात पुसले, फोटो लांब धरून पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक बारीकसं हसू आलं, जे त्यांनी तसबिरीला कधी दिलं नव्हतं.

"त्या झग्याला पट्टा नव्हता," ते म्हणाले. "तिची बोटं हायेत ती. झग्यातून निघंनात, मंग म्हाताऱ्यानं वरून रंग लावला."

लोकरीचे झुबके वाऱ्यानं इकडंतिकडं सरकत होते. रत्नमालानं फोटो उन्हात धरला, जरा तिरका, शिकवल्याप्रमाणं. गुलाबी रंगाखाली चार उंचवटे होते, एकाखाली एक. शेवटचा जरा आखूड. पट्ट्याच्या चुण्या म्हणून ती आजवर जे बघत आली होती ते हेच. आणि ती पोर कशाला रेलली होती, तेही आता दिसलं. बोटांनी झगा गच्च धरला होता. जत्रेतल्या गर्दीत लेकरू निसटू नये म्हणून धरतात तसा.

ती उठून घरात गेली. हिरव्या साडीतली बाई हारात बसली होती, नेहमीसारखी निवांत. तिच्याबद्दल रत्नमालाला राग आला नाही. कुणाचंही असो, बिचारीनं इतकी वर्षं जागा धरून ठेवली होती. पिशवीतल्या फोनवर प्रेरणा मॅडमचा निरोप आलेला असणार, तसबिरीचा फोटो घेतलास का. तिनं फोन काढला नाही. तो लहानसा लंबगोल फोटो घेऊन ती तसबिरीजवळ गेली. तिला फक्त एकदा तो चेहरा आणि ही बोटं एका जागी आणून बघायची होती. तिनं हात वर नेला, हाराच्या खाली, गळ्यापाशी. मागून दादा कधी आत आले कळलं नाही. लोकरीच्या वासाच्या हातानं त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं आणि खाली ओढलं.

"हारापाशी नको नेऊ," ते म्हणाले. "जिती हायेस तू."

तिनं हात खाली घेतला. दादा तिथंच उभे राहिले, मनगट न सोडता, ती पुन्हा तसं करेल याचा भरवसा नसल्यासारखे. चुलीकडून आत्या जेवायला हाक मारत होती. आणि तेव्हा रत्नमालाला कमरेच्या वर, डाव्या अंगाला, बरगडी संपते तिथं, कुणीतरी कपड्यासकट गच्च धरल्यासारखं वाटलं. त्यात चेहरा नव्हता, साडी नव्हती. ही आठवण खरी की आत्ताच रंगवलेली, हे तिनं तपासलं नाही. ती थोडीशी त्या बाजूला रेलली.